खोपोलीच्या तळ्याकाठी

देवाच्या दर्शनाला निघावे आणि डोक्यात राजकारण घेऊन परतावे, असा योग आमच्या वाट्याला २०२४ च्या श्रावणात आला. आम्ही म्हणजे मी, सौ., सूनबाई आणि नववीत शिकणारा नातू. घरातले पाचवे माणूस, म्हणजे आमचे चिरंजीव, त्या वेळी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कुठेतरी समुद्रावर होते. ते व्यापारी जहाजावर इंजिनियर आहेत. एरवी त्यांचे जहाज सुवेझच्या कालव्यातून आणि तांबड्या समुद्रातून ये-जा करी. पण २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी त्या वाटेवरच्या जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली आणि आमच्या घरातल्या भिंतीवर जगाचा नकाशा लागला. चिरंजीवांच्या कंपनीने पुढे जहाज आफ्रिकेला वळसा घालून न्यायचे ठरवले. पण त्याआधीच्या एका फेरीत ते त्या सामुद्रधुनीतून गेले होते. त्या दोन रात्री घरात कोणी झोपले नाही, आणि सौ.नी माहेरच्या महादेवाला, म्हणजे खोपोलीच्या वीरेश्वराला, नवस बोलून टाकला. तो फेडायला आम्ही निघालो होतो.

दादरला खोपोलीची लोकल पकडली. खिडकी मिळाली, हे पहिले सुख. कल्याण मागे पडले, बदलापूर-वांगणीच्या पुढे हिरवाई सुरू झाली आणि नेरळला माथेरानचा डोंगर ढगात डोके खुपसून बसलेला दिसला. कर्जतला गाडी थांबली तेव्हा वड्यांचा वास डब्यात शिरला. कर्जतला येऊन वडा न खाणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाला पाठ दाखवणे! नवसाचा उपास फक्त सौ.चा होता. आम्ही तिघांनी तिच्याकडे न बघता वडे संपवले.

पलीकडच्या फलाटावर पुण्याकडे जाणारी एक गाडी उभी होती. तिच्या मागच्या बाजूला जादा इंजिने जोडली जात होती. नातवाने विचारले, "आजोबा, मागे कशाला?" मी म्हटले, "बाळ, हे बँकर. घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. पुढच्या इंजिनाने एकट्याने ओढले तर मधल्या जोडण्यांवर फार ताण येईल. म्हणून मागून रेटा द्यायचा. माथ्यावर गाडी पोचली, की बँकर सुटतात आणि परत खाली येतात."

"म्हणजे घाटापुरती मैत्री!" सूनबाई म्हणाल्या. त्या बँकेत आहेत. कर्ज, तारण आणि मुदत या भाषेत त्यांना जग चटकन समजते. त्यांचे हे वाक्य पुढे दिवसभर माझ्या मनात घोळत राहिले.

गाडी हलली तशी नातवाने दप्तरातून वही काढली. शाळेत त्याला निबंध लिहायचा होता : 'राष्ट्राराष्ट्रांमधील सत्तासमतोल आणि जागतिक स्थैर्य'. नववीच्या मुलाला हा विषय! आमच्या वेळी आम्ही 'माझी आवडती गाय' लिहून सुटत होतो. त्याने पहिले वाक्य वाचून दाखवले : "दोन्ही बाजूंची ताकद सारखी असली म्हणजे युद्ध होत नाही." मग वर पाहून विचारले, "बरोबर आहे ना, आजोबा?"

सौ. खिडकीतून नजर न हलवता म्हणाल्या, "सारखी असली म्हणजे होत नाही? शेजारच्या दोन बिऱ्हाडांची ताकद सारखीच आहे. रोज भांडतात."

मी काही बोललो नाही. पळसदरी मागे पडली. घाटाची मोठी लाइन डावीकडे डोंगरात चढून गेली आणि आमची लोकल सपाटीने निघाली. केळवली, डोलवली, लौजी. भातखाचरात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असल्यासारखी वाटणारी छोटी छोटी स्टेशने. वर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, ढगांतून क्षणभर दिसले आणि लपले. खोपोलीला उतरलो तेव्हा समोर सह्याद्रीची भिंत उभी होती. तिच्यावरून पांढरे ओहोळ उतरत होते आणि एका अंगाला नागफणीचे टोक पावसात भिजत होते. वरच्या तलावांचे पाणी जाडजूड नळांतून खाली आणून टाटांनी इथे १९१५ साली वीज काढायला सुरुवात केली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या, हे सौ. दर वेळी सांगतात. माहेरची गोष्ट असल्यामुळे आम्हीही दर वेळी नव्याने ऐकतो.

वीरेश्वराचे देऊळ आणि त्याच्या पुढ्यातला दगडी बांधणीचा विस्तीर्ण तलाव नाना फडणिसांनी बांधलेला. बोरघाटाच्या पायथ्याशी, पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या वाटेवर, वाटसरूला आणि जनावराला पाणी मिळावे म्हणून केलेली ही सोय. सौ. आणि सूनबाई पूजेला आत गेल्या. मी आणि नातू तलावाच्या पायरीवर बसलो. पावसाची सर नुकतीच थांबली होती. मी म्हटले, "तुझ्या निबंधाचा खरा मास्तर इथलाच आहे. ज्याने हा तलाव बांधला, त्याने जन्मभर तुझाच विषय अभ्यासला. वहीत नाही, दौलतीत."

आणि मग मी त्याला जे सांगितले, ते वाचकांनाही सांगावेसे वाटते.

गोष्ट सुरू होते १७७५ साली. पेशवाईच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. घरातल्या भांडणात त्याने बाहेरच्याला बोलावले. त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि १७७८ साली फ्रान्स त्यांच्या मदतीला उतरला. अमेरिकेतल्या लढाईचा खोपोलीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७७७ सालीच पुण्यात येऊन राहिला होता. माणूस पुरता भरवशाचा नव्हता. तरी नानांनी त्याला दरबारी मान दिला. फ्रेंच आपल्या दाराशी आहेत, एवढे इंग्रजांना दिसले तरी पुरे होते. झालेही तसेच. मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांना त्या एका पाहुण्याने अस्वस्थ केले. इंग्रजांच्या पारड्यासमोर फ्रेंचांचे पारडे नुसते टांगून ठेवायचे, त्यात वजन फारसे नसले तरी, ही नानांची पहिली खेळी.

पण ती दुधारी ठरली. फ्रेंच पुण्यात पाय रोवतील या भीतीनेच मुंबईकरांची घाई आणखी वाढली. १७७८ च्या नोव्हेंबरात सुमारे ३,९०० माणसांची फौज रघुनाथरावाला घेऊन पनवेलवरून या खोपोलीला आली. बरोबर १९,००० बैल होते! डिसेंबरात ती घाट चढली आणि वर दिवसाला जेमतेम मैलभर चालू लागली. मराठ्यांनी समोरासमोर लढाई टाळली, चारा जाळला, रसद तोडली. तळेगावला इंग्रज पोचले तेव्हा गाव पेटलेले होते. शेवटी तोफा तळ्यात टाकून ते रातोरात मागे फिरले आणि वडगावला कोंडले गेले. १७७९ च्या जानेवारीत तिथे त्यांनी मान खाली घालून तह केला. पुढे मुंबई-कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तो मानला नाही, हा भाग वेगळा.

"मग झाला ना समतोल?" नातवाने विचारले.

"नाही रे. इथून तर नानांचे खरे काम सुरू झाले."

वडगावचा विजय पुरणार नाही, हे नानांनी ओळखले. बंगालमधून, मद्रासहून इंग्रजांची नवी फौज येणार. तेव्हा ज्यांच्याशी मराठ्यांच्या वर्षानुवर्षे लढाया झाल्या होत्या, त्यांनाच त्यांनी पत्रे लिहिली. म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजाम, नागपूरचे भोसले आणि पुणे अशी चौघांची जूट १७८० च्या सुमारास उभी राहिली. हैदरने कर्नाटकात उतरायचे, निजामाने पूर्व किनाऱ्यावर, भोसल्यांनी बंगालवर, मराठ्यांनी मुंबई-गुजराथेकडे. एकाच वेळी चारही बाजूंनी उठायचे, म्हणजे इंग्रजांना एकीकडची फौज दुसरीकडे नेता येणार नाही. कालचा शत्रू आजचा सोबती का? तर त्याच्यापेक्षा मोठा शत्रू वाढतो आहे म्हणून. कर्जतच्या फलाटावर सूनबाईंनी जे म्हटले, तेच हे. घाटापुरती मैत्री.

चौघांतले दोघे मध्येच सुटले. निजामाला त्याचा गुंटूर प्रांत परत देऊन आणि भोसल्यांना पैसे देऊन वॉरन हेस्टिंग्जने अलग केले. पण हैदर खरा उतरला. १७८० च्या सप्टेंबरात पोलिलूरला त्याने इंग्रजांची एक फौज धुळीला मिळवली. मद्रास धोक्यात आले आणि त्याचा परिणाम इथे, या तळ्याच्या परिसरात, दिसला.

१७८१ च्या फेब्रुवारीत जनरल गॉडर्डने वसई घेऊन झाल्यावर पुण्यावर चाल केली. त्याच्या माणसांनी रातोरात बोरघाट जिंकला. गॉडर्डचा मुक्काम मात्र खाली खोपोलीलाच राहिला. मुंबई दक्षिणेच्या लढाईपायी टेकीला आलेली. त्याला तह हवा होता. त्याने पुण्याला बोलणे लावले. नानांनी उत्तर पाठवले, की हैदरला वगळून तह होणार नाही. तिकडे वर घाटमाथ्याचा मुलूख उजाड करून ठेवलेला आणि पुणेही वेळ पडली तर जाळायची तयारी. खाली पनवेल ते खोपोलीच्या वाटेवर परशुरामभाऊ पटवर्धन रसदेच्या तांड्यांवर तुटून पडत होते. पाऊस जवळ आला. एप्रिलमध्ये गॉडर्ड घाट सोडून पनवेलला परतला. त्या माघारीत त्याची मेलेली आणि जखमी झालेली माणसे मिळून साडेचारशेंहून अधिक होती. खोपोलीपासून पनवेल आज आपण द्रुतगती मार्गाने गप्पा मारता मारता गाठतो. त्या वाटेवर हे घडले.

पुढच्या वर्षी, १७ मे १७८२ रोजी, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. पण नानांनी त्यावर शिक्का करायला महिने लावले. का? हैदर लढतो आहे तोवर इंग्रज मऊ राहणार, म्हणून. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला. बातमी पुण्यास पोचली आणि त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला. दूर दक्षिणेतल्या छावणीत एक माणूस मरतो आणि पुण्यात कागदावर शिक्का उठतो. समतोल म्हणजे काय, हे याहून नेमके कसे सांगायचे? साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली, रघुनाथरावाचा पक्ष इंग्रजांनी सोडला, आणि मराठे व इंग्रज यांच्यात पुढची वीस वर्षे लढाई झाली नाही.

नातू भराभर लिहीत होता. "म्हणजे माझे वाक्य बरोबर! समतोल झाला आणि वीस वर्षे शांतता!"

एवढ्यात प्रसादाची वाटी घेऊन सूनबाई येऊन पायरीवर बसल्या. सगळे ऐकत होत्या. म्हणाल्या, "बाबा, या हिशोबात तळेगाव कुठल्या पारड्यात? जे गाव जाळले ते?"

मी गप्प झालो. या घाटाखालच्या खेड्यांतली माणसे त्या दोन्ही वर्षी कुठे गेली असतील? फौज कोणाचीही असो, बैल यांचे, गवत यांचे, गोठ्यातले धान्य यांचे. पनवेल-खोपोलीच्या वाटेवर ज्या शेतांतून १९,००० बैल गेले, त्या शेतकऱ्याला सेंट लुबिन ठाऊक नव्हता आणि अमेरिकाही ठाऊक नव्हती. सत्तासमतोलाची गोष्ट आपण नेहमी तराजू धरणाऱ्याच्या बाजूने सांगतो. ज्याच्या पाठीवर तराजू ठेवलेला असतो, त्याचे नाव बखरीत येत नाही. तांबड्या समुद्रातही तेच. गाझात युद्ध पेटले ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याचे निमित्त करून बंडखोरांनी जहाजे अडवली. त्यांच्या मागे कोण, समोर कोण, याच्या चर्चा मोठ्या राजधान्यांत झाल्या. आपल्या नौदलाच्या युद्धनौका संकटातल्या जहाजांच्या मदतीला धावल्या, याचा अभिमान वाटला. पण इंजिनच्या खोलीत, पाण्याच्या पातळीखाली, घाम पुसत उभा असलेला माणूस कोणत्या पारड्यात मोजायचा?

सूनबाईंच्या प्रश्नाला माझ्यापाशी पुरे उत्तर नव्हते. आजही नाही. पण गोष्ट अजून संपली नव्हती, आणि तिच्या शेवटात अर्धे उत्तर आहे असे मला वाटते.

सालबाईनंतर वीस वर्षांत काय झाले? हैदरचा मुलगा टिपू मराठ्यांच्या कर्नाटकातल्या मुलखाला उपद्रव देऊ लागला. १७९० साली नानांनी त्याच्याविरुद्ध इंग्रज आणि निजाम यांच्याशी हातमिळवणी केली. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचे अर्धे राज्य गेले. पुण्याला आपला वाटा मिळाला, आनंद झाला. पण ज्या वजनाच्या जोरावर १७८१ साली गॉडर्डला खोपोलीहून परत पाठवले होते, तेच वजन पुण्याने स्वतःच्या हाताने अर्धे केले. १७९५ ला खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला. दुखावलेला निजाम १७९८ साली इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला. १७९९ ला टिपू पडला. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. आता हिंदुस्थानच्या तराजूत दोनच पारडी उरली होती, आणि त्यांतल्या एकात शिंदे आणि होळकर एकमेकांशी लढत होते. १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळच होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईस इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. १८१८ ला सारे संपले.

मी नातवाला म्हटले, "आणि मग इथे खरी शांतता आली. घाटातून कोणाची फौज लढत गेली नाही. १८३० साली बोरघाटाचा पक्का रस्ता झाला. १८६३ साली घाटातून आगगाडी गेली. एकाच सत्तेचे राज्य, एकच कायदा, एकच नाणे. स्थैर्य म्हणतोस ते हेच. हवे होते का ते आपल्याला?"

त्याने मान हलवली. सौ. देवळातून येऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुलूप लावलेल्या घरातही शांतताच असते."

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी मला अनेकदा निरुत्तर केले आहे. पण इतके नेमके क्वचितच.

मला वाटते, इथेच त्या वहीतले पहिले वाक्य चुकते. समतोल युद्ध थांबवत नाही. नानांच्या काळात समतोल होता आणि युद्धेही होती. १९१४ साली युरोपात दोन बाजू जवळजवळ तोलामोलाच्या होत्या. पण त्या एकमेकींशी इतक्या घट्ट बांधलेल्या, की एकाचा पाय घसरला तेव्हा सगळेच दरीत गेले. समतोल एवढेच करतो, की कोणा एकाला सगळ्यांना गिळू देत नाही. तो शांतता देत नाही, सवड देतो. त्या सवडीत काय करायचे, हे आपल्यावर असते. सालबाईने मराठ्यांना वीस वर्षांची सवड दिली. महादजींनी त्या सवडीत उत्तरेत पाय रोवले, कवायती पलटणी उभ्या केल्या. पण घर एक झाले नाही. चौघांना एकत्र धरणारी गाठ नानांच्या पत्रव्यवहारात होती. ती कोणत्या मंडळात, कोणत्या कायम करारात बांधली गेली नाही. गाठ धरणारा गेला, गाठ सुटली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४५ साली जगाने संयुक्त राष्ट्रसंघ काढला, तो याच धड्यावरून : गाठ एका माणसाच्या हातात नको. पुढे १९६१ साली बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रे जमली, आपण त्यांत पुढे होतो. दोन बलाढ्यांच्या पारड्यांत बसायचे नाही, हा विचार होता. या दोन्ही गोष्टींनी युद्धे थांबली नाहीत. पण छोट्या देशाला बोलायला जागा मिळाली, आणि बोलायला जागा असणे ही लहान गोष्ट नव्हे. घाटाखालच्या शेतकऱ्याला १७८१ साली ती नव्हती.

परतीची गाडी संध्याकाळची. कर्जतला अंधार पडला होता. मघाचे बँकर बहुधा वर गाडी सोडून परत आले होते. पुढच्या गाडीची वाट पाहत इंजिने सायडिंगला धुमसत उभी होती. नातवाने दिव्याच्या उजेडात पहिले वाक्य खोडले आणि नवीन लिहिले. मला दाखवले नाही. "शिक्षकांना आधी," म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सूनबाईंच्या फोनवर चिरंजीवांचा संदेश येऊन पडला होता : जहाजाने केप ऑफ गुड होप ओलांडले, समुद्र खवळलेला आहे, जेवण बरे आहे, आईने काळजी करू नये. भिंतीवरच्या नकाशावर नातवाने आफ्रिकेच्या टोकाला टाचणी हलवली. तांबड्या समुद्राच्या वाटेपेक्षा ही वाट दहा-बारा दिवसांनी लांब. ते दहा-बारा दिवस म्हणजे जगातल्या बिघडलेल्या तराजूची आमच्या घराने भरलेली पट्टी. तळेगावच्या मानाने फार थोडी.

सौ.नी देवापाशी दिवा लावला. मी म्हटले, "नवस तर फिटला ना?"

"त्याच्या या फेरीचा फिटला," त्या म्हणाल्या, "पुढच्या फेरीचा आज बोलून आले."